ढगातलं ग्रहण

सुजीतला खोटं बोलता येत नाही. "बरं नाहीये, आज येत नाही" एवढा ऑफिसला फोन करायचा, तरी हा आधी दोनदा घसा खाकरतो. असा माणूस आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं बोलला, तेही थेट आईशी. इथे दुबईत, रास अल खोरला त्याच्या कंपनीचं गोडाऊन आहे. त्याच्या बाहेर भर दुपारी, एसी चालू ठेवून गाडीत बसल्या बसल्या त्याने फोन लावला आणि सांगून टाकलं, "आई, गणू सापडला. सगळं नीट केलं आम्ही. इथल्या हिंदू स्मशानातच केलं. आता तू जेव."

गणू सापडला नव्हता.

गणू म्हणजे माझा धाकटा दीर. फुजैराच्या समुद्रात नांगर टाकून उभ्या असलेल्या मोठ्या जहाजांना सामान पोचवणाऱ्या बोटीवर तो खलाशी होता. एका संध्याकाळी ताणलेला दोर सुटला आणि त्या झटक्यात हा पाण्यात फेकला गेला. कोस्ट गार्डच्या बोटी फिरल्या, हेलिकॉप्टर फिरलं, आणि मग हळूहळू सगळ्यांचं फिरणं थांबलं. कंपनीने त्याची बॅग घरी पाठवून दिली. कागदोपत्री तो अजून 'बेपत्ता' आहे. मेला असं म्हणायला कोर्टाला काही वर्षं जावी लागतात म्हणे.

वेळणेश्वरला आई रोज फोनवर एकच विचारायच्या, "सापडला काय रे?" मग शेजारची ईश्वरीवहिनी फोन घ्यायची आणि हळूच सांगायची, भाऊजी, आज पण ताट तसंच आहे.

संध्याकाळी घरी येऊन सुजीतने मला सांगितलं तेव्हा मी भडकलेच.

"डोकं फिरलंय का तुझं? उद्या खरंच काही सापडलं तर?"

"मंजू, ती जेवत नव्हती."

"मग आता जेवली?"

"जेवली. ईश्वरीवहिनी म्हणाली, आमटीभात खाल्ला आणि रडली. पहिल्यांदा रडली."

आता यावर काय कपाळ बोलणार मी? कुकर लावायला गेले.

पण त्या बाईला आम्ही दोघांनीही ओळखलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी फोन आला. "मी येते. अस्थी मी घेऊन जाणार. तुम्ही नका पाठवू कुणाच्या हातून." रत्नागिरीच्या पलीकडे कधी न गेलेली बाई, हिच्याकडे पासपोर्ट कुठला, अशा भरवशावर आम्ही होतो. तर पासपोर्ट होता. गणूनेच मागच्या मे महिन्यात काढून दिला होता. आईला एकदा दुबई दाखवायची, असं त्याच्या मनात होतं.

मग अस्थी हव्यात. मला वाटलं, आता तरी हा खरं सांगेल. छे! सुजीतने गोडाऊनच्या मागे माल ठेवायचं एक मोडकं लाकडी पॅलेट जाळलं, बर दुबई भागातल्या पूजेच्या सामानाच्या दुकानातून तांब्याचा लोटा आणला, त्यात ती राख भरली आणि वर पांढरं फडकं बांधलं. ते घेऊन तो दारात उभा राहिला. मी तोंड उघडलं होतं, पण त्याचा चेहरा बघून मिटलं. त्याचाही सख्खा भाऊ गेला होता हो. ते आम्ही सगळेच विसरलो होतो, तो स्वतःसुद्धा.

अस्थी घरात ठेवत नाहीत, बाहेर झाडाला टांगतात. आम्ही राहतो जुमेरा लेक टॉवर्समध्ये, पार वरच्या मजल्यावर, ढगात. इथे झाड कुठून आणायचं? शेवटी बाल्कनीतल्या कपडे वाळत घालायच्या स्टँडला लोटा बांधला. बाल्कनीत काही दिसलं की सिक्युरिटीवाला लगेच नोटीस चिकटवतो, म्हणून त्याच्यापुढे आमच्या लेकीची, शुभ्राची एक चादर पसरून ठेवली. असला सगळा तमाशा.

आई आल्या. लेकाला धरून रडतील, मला दोष देतील, देवाला शिव्या घालतील, असं सगळं मी मनात धरलं होतं. त्यांनी पाय धुतले, चहा नको म्हणाल्या आणि विचारलं, "कुठे ठेवलाय?" मी बाल्कनीचं दार उघडलं. त्यांनी चादर बाजूला केली, खाली फरशीवर बसल्या आणि लोट्याला म्हणाल्या, "आले हो मी."

नंतर त्या तिथून उठल्याच नाहीत म्हटलं तरी चालेल. जेवायला आणि झोपायला तेवढ्या आत. बाकी दिवसभर बाल्कनीत, त्या उकाड्यात, लोट्याशी बोलत. पाटलांची म्हैस व्याली. तुझ्या पेरूला यंदा किडे लागले. संजनाचं लग्न ठरलं हो चिपळूणला, तू उगाच लाजत राहिलास. मी स्वयंपाकघरात भाजी चिरायचे आणि मला सगळं ऐकू यायचं. शुभ्रा शाळेतून आली की विचारायची, "Mumma, why is Aaji talking to the pot?" काय सांगू पोरीला? तिची आजी एका पॅलेटच्या राखेशी बोलतेय?

सुजीत सकाळी आई उठायच्या आत निघायचा. मोठा शहाणा. स्वयंपाकाच्या वेळी घरात राहून ऐकायचं माझ्या नशिबी.

मी पण सुटका म्हणून ऑफिसला जायचे. माझं ऑफिस आमच्याच तलावाच्या पलीकडे, चालत जाण्याइतकं. अबुधाबीत जुन्या बॅबिलॉनच्या आकाशशास्त्रावर एक प्रदर्शन होणार होतं, त्याच्या ऑडिओ गाईडचं कंटेंट आमच्याकडे होतं. लिहिणारी मी आणि तपासणारी नबिला. नबिला इराकची, हिल्ल्याची, म्हणजे बॅबिलॉनचे पडके ढिगारे तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मातीच्या विटांवरची ती बाणाच्या टोकांसारखी लिपी ती आपण पेपर वाचतो तशी वाचते. स्वभावाने माझ्याहून तिखट, म्हणून आमचं जमतं.

त्या आठवड्यात माझं स्क्रिप्ट तिने लाल करून परत दिलं होतं. मी लिहिलं होतं की त्या चौदाव्या रात्री बॅबिलॉनचा ज्योतिषी मंदिराच्या गच्चीवर उभा राहून पूर्ण चंद्राकडे थक्क होऊन पाहत होता. वाक्य छान होतं. माझं मलाच आवडलं होतं.

"हबीबती, थक्क कुठून आणलंस?" नबिलाने विचारलं. "आणि पाहत होता हे तुला कुणी सांगितलं? वीट इथे आहे. वाच. लिहिलंय काय? चौदावी रात्र. ढग. पाहिलं नाही. खलास."

"एवढंच?"

"एवढंच. सहासातशे वर्षं ही माणसं रोज लिहीत होती. चंद्र कुठे, शुक्र कुठे, नदीला पाणी किती, जव काय भावाने, गावात लांडगा शिरला का. बाप लिहायचा, मग मुलगा लिहायचा. ढग आले की दुसरा कुणी ठोकून देईल ना की चंद्र नेहमीसारखा होता? कोण तपासायला येणार आहे? पण हे लिहितात, पाहिलं नाही. राजा मेला त्या दिवशी पण तेच. राजा मेला. ढग. तुम्ही सायन्स म्हणता ना, त्याचं लिहिणं माझ्या मते इथून सुरू होतं. दिसलेलं सगळेच लिहितात गं. न दिसलेलं, न दिसलेलं म्हणून लिहायला छाती लागते."

"आणि ग्रहणं? ती तर आधीच सांगायचे ना?"

"सांगायचे. हिशेब पक्का होता त्यांचा. ढगात ग्रहण लागलं तर लिहायचे की अमुक वेळी लागलं, पण आम्ही पाहिलं नाही. हिशेबाचं वेगळं, डोळ्याचं वेगळं. दोन्ही लिहायचं, पण एकात एक मिसळायचं नाही."

माझ्या डोळ्यांसमोर आमची बाल्कनी आली. मला एकदम रडू फुटलं. ऑफिसात, सगळ्यांसमोर, मीटिंग रूमची काच आहे त्याचंही भान राहिलं नाही. मग सगळं सांगितलं तिला. लोटा, पॅलेट, पाटलांची म्हैस, सगळं.

नबिलाने हातातलं लाल पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "माझा भाऊ बगदादमध्ये नाहीसा झाला. घरातून ब्रेड आणायला गेला. आईची अवस्था बघून मामाने सांगितलं, मी त्याची कबर पाहिली नजफला. आईला बरं वाटलं. वर्षभराने ती हट्टाने नजफला गेली. कबर नव्हती. त्यानंतर तिने मामावर विश्वास ठेवला नाही, माझ्यावर नाही, डॉक्टरवर नाही. औषध दिलं तरी म्हणायची, हे काय आहे ते खरं सांग. तशीच गेली." तिने स्क्रिप्टची पानं सारखी केली. "मी तुला काही सांगत नाहीये, मंजुषा. तुझं घर तुझं आहे."

घरी आले. आई बाल्कनीतच होत्या. मी चहा घेऊन गेले तर म्हणाल्या, "बस जरा." मी चपला काढून शेजारी फरशीवर बसले. खाली तलावाच्या कडेने माणसं धावत होती, इथे सगळे संध्याकाळी धावतात.

"मंजू, एक विचारू? बायकांना स्मशानात नेत नाहीत आपल्यात. पण इथे कोण आहे विचारणारं? तू गेली असशील."

मी हातातला कप खाली ठेवला.

"सुजीतला नाही विचारत, तो रडतो. तू सांग. चेहरा कसा होता गो त्याचा? पाण्यात फार दिवस होता. माशांनी काही केलं नव्हतं ना? डोळे मिटलेले होते?"

मला सुजीतचं तोंड दिसत होतं. ती जेवत नव्हती, मंजू. एक 'हो' म्हणायचं होतं फक्त. मिटलेले होते, आई. शांत दिसत होता, झोपल्यासारखा. वाक्य तयार होतं. मला असली वाक्यं पटकन सुचतात, त्याचाच पगार घेते मी. आणि हे एक म्हटलं की दुसरं म्हणावं लागलं असतं. शर्ट कुठला होता, दाढी होती का, हात कसे ठेवले. मी आयुष्यभर त्यांना पुरवत राहिले असते आणि त्या आयुष्यभर तेच उगाळत राहिल्या असत्या.

"नाही पाहिलं, आई," मी म्हटलं. "मी नाही पाहिलं. कुणीच नाही पाहिलं. तो सापडलाच नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग लोट्याकडे.

"मग हा कोण?"

"लाकूड."

मला वाटलं होतं किंचाळतील. त्या उठल्या, स्टँडची गाठ सोडली, फडकं काढलं आणि राख हातात घेतली. बोटांनी चाळली. त्यात एक खिळा होता, अर्धवट जळलेला. तो त्यांनी बाजूला काढून फरशीवर ठेवला. "हाडं नाहीत," एवढंच म्हणाल्या. आत जाऊन हात धुतले आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

सुजीत आला. दार उघडताच त्याला माझ्याकडे बघून कळलं. तो आईच्या खोलीच्या दारात जाऊन नुसता उभा राहिला. आई उठून बसल्या.

"मेल्या, इतके दिवस मी लाकडाशी बोलले."

"आई..."

"जगाने फसवलं तर माणूस घरी येऊन रडतो. तू फसवलंस, आता मी कुठे जाऊ?"

तो त्यांच्या पायाशी बसला आणि असा रडला की मला बघवेना. लहान पोरासारखं, नाकातोंडातून. आईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. नुसतं विचारलं, "मग तो आहे की गेला?"

"गेला आई."

"कशावरून?"

सुजीत माझ्याकडे बघायला लागला. जसं काही मला माहीत होतं! मी काय सांगणार होते? मी जे दिवसभर लिहीत होते तेच बोलले. नीट जमलं पण नाही. म्हटलं, आई, फार फार जुन्या काळी इथून वर, नबिलाच्या गावाकडे, आकाश बघून लिहून ठेवणारे लोक होते. डोळ्यांनी बघितलेलं एक लिहायचे आणि हिशेबाने कळलेलं एक. हिशेबाने कळलेल्याला बघितलं असं कधी म्हणायचे नाहीत. आपला गणू हिशेबाने गेला. एवढे दिवस, एवढं पाणी, किनारा इतका लांब. पण बघितलं कुणी नाही. दोन्ही खरं आहे.

मला वाटलं, झालं, मी काहीतरी पुस्तकी बरळले.

"म्हणजे ढगातल्या ग्रहणासारखं," त्या म्हणाल्या.

मी चमकलेच.

"आमच्याकडे पावसात ग्रहण आलं की कुठे दिसतं? आभाळ भरलेलं. पण आम्ही पाळतो. वेध पाळतो, तुळशीपत्र ठेवतो, सुटलं की आंघोळ करतो. दिसलं नाही म्हणून लागलं नाही असं थोडंच आहे?" त्यांनी डोळे पुसले. "मग पाळू या. पण त्या माणसाला बोलावा आधी. जो बोटीवर होता."

तो माणूस म्हणजे युसुफ, बोटीचं इंजिन चालवणारा. केरळचा. सुजीतने त्याला फोन करून सगळं सांगितलं. त्याच्या ओळखीच्या एका माणसाचं फुजैराला किनाऱ्याजवळ शेत होतं. खजुराची झाडं, बकऱ्या, एका बाजूला कुंपण. तिथे करा म्हणाला, कोणी काही बोलणार नाही. गावच्या गुरुजींना व्हिडिओ कॉल लावायचं ठरलं. देह नसला तर दर्भाचा माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात, असा विधी आहे. गुरुजींनी सामान सांगितलं. पळसाची पानं इथे कुठली मिळायला? गुरुजी म्हणाले, दर्भावर भागवा. डोक्याच्या जागी नारळ.

शुक्रवारी सकाळी निघालो. शुभ्राला मैत्रिणीकडे सोडलं. डोंगरातला रस्ता.

युसुफ दाराशीच उभा होता. आईंना बघून त्याने डोक्यावरची टोपी काढली, मग काय करायचं न कळून परत घातली. आईंनी त्याला शेजारी बसवलं आणि मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, "बेटा, तू क्या देखा? जो देखा वोइच बोल."

"अम्मा, रस्सी छूटा, आवाज आया। मैं ऊपर भागा। पानी में एक हाथ दिखा।" त्याने स्वतःचा हात वर केला, तळवा उघडा. "फिर नहीं दिखा।"

"एकच हाथ?"

"एक ही, अम्मा। बस।"

आईंनी त्याचा तो हात धरला आणि कितीतरी वेळ धरून ठेवला. हेच गणूचं शेवटचं होतं आणि ते त्यांना आता मिळालं होतं. सुजीत वळून कुंपणाकडे गेला.

गुरुजी फोनमधून सांगत गेले तसा सुजीतने दर्भाचा माणूस केला. अनाडी हात, नीट जमेना. फोन मी धरला होता, नेट सारखं अडकत होतं. आई आधी लांब बसल्या होत्या. मग उठून आल्या. गुरुजी म्हणाले, "आशाबाई, तुम्ही मागे बसा." आईंनी ऐकलं नाही.

"एवढा लांब नव्हता तो," त्यांनी सुजीतला सांगितलं आणि पाय आखूड करायला लावले. उजवा खांदा थोडा उतरता केला. "जड पोती उचलून उचलून तसा झालेला." मग नारळ ठेवला. सुजीतने कसाही ठेवला होता, नारळाचे डोळे जमिनीकडे. आईंनी तो दोन्ही हातांनी फिरवला, डोळे वर आणले आणि पदराने पुसला.

"गणू, इकडे बघ," त्या म्हणाल्या.

मला फोन धरवेना. युसुफने पुढे होऊन तो धरला.

गुरुजींनी नाव विचारलं, गोत्र विचारलं. सुजीतने अग्नी दिला. दर्भ कोरडा, भसकन पेटला. गुरुजी म्हणाले, "आता पाणी सोडा आणि सगळ्यांनी पाठ फिरवून निघायचं. मागे वळून बघायचं नाही. आत्मा अडकतो."

सुजीतने पाठ फिरवली. मी फिरवली. युसुफनेही फिरवली. आई तिथेच.

"आई, चला," सुजीत म्हणाला.

"तुम्ही व्हा पुढे."

"आशाबाई, मागे बघू नये," फोनमधून गुरुजी ओरडले.

"गुरुजी, मी मागे बघतच नाहीये," आई म्हणाल्या. "मी पाठच नाही फिरवली. त्या दिवशी माझा पोर पाण्यात एकटा हात वर करून होता आणि बघायला आपलं कोणी नव्हतं. आज मी बघणार. सगळं होईपर्यंत."

धूर खजुराच्या झाडांतून समुद्राकडे जात होता. नारळ फुटला तेव्हा मी दचकले, आईंनी पापणी हलवली नाही. त्या उभ्याच होत्या. सुजीत परत फिरला आणि त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला, आणि मग मीही.